आमची वाटचाल: पत्र्याच्या डक्टपासून औषधी गांजाच्या शेडपर्यंत

भोसरीच्या एमआयडीसीत मी पत्रा कापायला आणि वाकवायला शिकलो. तेच काम हाताशी घेऊन कॅनडात आलो आणि टोरांटोच्या पश्चिमेला एका औद्योगिक गाळ्यात आम्ही नवरा-बायकोनं हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टचं वर्कशॉप टाकलं. मापं घेणं, डिझाइन करणं, कामगारांबरोबर शिडीवर चढणं माझ्याकडे. नकाशे, परवाने आणि टाउन हॉलचा पत्रव्यवहार पत्नीकडे. सुरुवातीला बेकऱ्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं, गाड्या रंगवायचे बूथ अशी कामं होती. आतला धूर आणि वास बाहेर काढून द्यायचा, एवढंच गिऱ्हाईक मागायचं. मग एक दिवस वास अजिबात बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं सांगणारं गिऱ्हाईक आलं.

त्यामागे कायदा होता. कॅनडात २००१ पासून रुग्णांना वैद्यकीय कारणासाठी गांजा कायदेशीरपणे मिळू लागला, पण तो बहुतेक करून घरात किंवा नेमलेल्या माणसाकडे पिकायचा. जून २०१३ मध्ये फेडरल सरकारनं नवे नियम आणले आणि परवानाधारक व्यावसायिक उत्पादक ही जमात जन्माला आली. त्या नियमांत आमच्या धंद्याची एक अट होती: जिथे गांजा असेल तिथली हवा गाळली गेलीच पाहिजे, वास बाहेर पडता कामा नये. स्मिथ्स फॉल्स या छोट्या गावात हर्शीचा चॉकलेट कारखाना २००८ मध्ये बंद पडला होता; त्याच इमारतीत २०१४ मध्ये औषधी गांजा पिकायला लागला. असे बंद कारखाने, रिकामी गोदामं, जुनी ग्रीनहाऊस शोधत लोक फिरू लागले आणि आमचा फोन वाजू लागला.

या कामात आम्ही उतरलो तेव्हा वाटलं होतं, अवघड भाग यंत्रांचा असेल. खरा अवघड भाग निघाला जागेचा. ओटावातून हेल्थ कॅनडाचा, म्हणजे फेडरल आरोग्य खात्याचा, परवाना मिळाला म्हणजे गावाची परवानगी मिळाली, असं मुळीच नाही. गावाच्या कुठल्या भागात, म्हणजे झोनमध्ये, काय चालेल ते म्युनिसिपालिटीचा स्थानिक नियम, म्हणजे झोनिंग बाय-लॉ, ठरवतो, आणि प्रत्येक गावाचा बाय-लॉ वेगळा. एका गावात गांजा ही शेती, शेजारच्या गावात तोच उद्योग. कुठे फक्त औद्योगिक झोनमध्ये परवानगी, कुठे शेती झोनमध्येही, पण घर, शाळा, डे-केअर यांच्यापासून ठरावीक अंतर सोडून. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या काही बाय-लॉमध्ये हवा शुद्ध करणारी यंत्रणा असेल तर १५० मीटर आणि नसेल तर ३०० मीटर असा हिशेब आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणखी तिसरीच तऱ्हा. तिथल्या राखीव शेतजमिनीवर काँक्रीटच्या पायावरची बंदिस्त शेड उभारायला गाव मनाई करू शकतं, पण उघड्या शेतात किंवा मातीच्याच जमिनीवर उभ्या असलेल्या ग्रीनहाऊसमध्ये पीक घ्यायला नाही. चांगली काळी जमीन सिमेंटखाली जाऊ नये हा त्यामागचा विचार, आणि तो मला मनापासून पटतो.

अंतराच्या नियमाबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. नुसत्या मीटरनं वास थांबत नाही. फुलोऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत आणि कापणी-सुकवणीच्या वेळी वास सर्वांत उग्र असतो. वारा पडलेला असला, संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसली, की तोच वास रानातून सरपटत खूप लांब जातो. उलट नीट बांधलेल्या शेडच्या भिंतीला नाक लावलं तरी काही कळत नाही. आमची तपासणी साधी आहे. शेडमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवायचा, मग दाराच्या फटीशी धुराची बारीक नळी धरायची. धुराची रेघ सरळ आत ओढली गेली तर काम पास. ती जराशी जरी बाहेर वळली, तर छताचे सांधे, पाइपांची भोकं, दाराचं रबर सगळं पुन्हा. त्यानंतर वास शोषून घेणारे कार्बनचे फिल्टर. आतली हवा फार दमट असली तर पाण्याची वाफच कार्बनमधली जागा अडवते आणि महागडा फिल्टर असून नसल्यासारखा होतो. म्हणून आम्ही आर्द्रता आवाक्यात आल्याशिवाय फिल्टरचं माप सांगत नाही. गिऱ्हाइकाला घाई असते, तरीही सांगत नाही.

नायगारा भागात एका शेडच्या परवानगीच्या सुनावणीला आम्ही अर्जदाराच्या बाजूनं गेलो होतो. शेजारच्या पीचच्या बागेच्या वयस्कर मालकीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, “उन्हाळ्यात लोक माझ्याकडे स्वतः फळं तोडायला येतात. हा वास आला तर ते गाडीतून उतरतील का?” माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. त्यांना गांजावर भाषण द्यायचं नव्हतं, त्यांना आपला धंदा वाचवायचा होता. आम्ही तिथेच सांगितलं की फिल्टर बदलल्याच्या नोंदी, दाब दाखवणारं मीटर आणि तक्रारीसाठी चोवीस तास उचलला जाणारा फोन, हे सगळं गावाबरोबरच्या साइट प्लॅनच्या, म्हणजे बांधकामाच्या अटींच्या, करारात लिहून घ्या. घेतलं गेलं. तेव्हापासून हा मजकूर आम्ही प्रत्येक कामात स्वतःहून देतो.

१७ ऑक्टोबर २०१८ ला कॅनबिस कायदा लागू झाला, औषधाशिवायही प्रौढांना गांजा कायदेशीर झाला आणि गावोगावी धांदल उडाली. ऑन्टॅरिओच्या प्लॅनिंग कायद्यात कलम ३८ खाली गावाला एखाद्या वापरावर अभ्यासासाठी तात्पुरती बंदी घालता येते: आधी एक वर्ष, मग वाढवून एकूण दोन. काही गावांनी ती घातली. आमचं एक गिऱ्हाईक त्यात सापडलं. जमीन घेतलेली, बँकेचे हप्ते चालू आणि काम बंद. त्यातच मे २०१९ मध्ये हेल्थ कॅनडानं जाहीर केलं की नव्या अर्जदारांनी आधी पूर्ण बांधून तयार झालेली जागा दाखवायची, मगच अर्ज करायचा. म्हणजे आधी सगळा पैसा ओता, मग परवान्याची वाट बघा. झोनिंगचा घोळ अशा वेळी माणसाला उभा-आडवा कापतो. म्हणून जमिनीचा व्यवहार होण्याआधी आमच्याकडे या, असं आम्ही सांगतो. पत्नी बाय-लॉची नकाशासकट प्रत मागवते, लगतच्या घरांची अंतरं मोजून घेते, प्लॅनरशी बोलते. जागा बसत नसेल तर आम्ही तसं तोंडावर सांगतो आणि ते काम सोडून देतो.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. वैद्यकीय गरजेसाठी स्वतःपुरतं पिकवणाऱ्या रुग्णांची नोंदणी वेगळी असते, आणि एका पत्त्यावर अशा चार नोंदण्या चालतात. वासाची जी अट परवानाधारकांना आहे, ती त्यांना नाही. काही ठिकाणी यातून गोदामभर पीक उभं राहिलं, आणि गावकऱ्यांचा राग सरसकट सगळ्यांवर निघाला. पण आमच्याकडे असेही रुग्ण आले आहेत ज्यांना दुकानातला माल परवडत नाही आणि ज्यांच्या तळघरात मोजकी रोपं असतात. त्यांना छोटा पंखा आणि फिल्टर आम्ही फक्त साहित्याच्या किमतीत बसवून देतो. शेजाऱ्यांशी भांडण होऊन औषध बंद पडावं, हे बरं नव्हे.

मार्च २०२५ पासून छोट्या म्हणजे मायक्रो परवान्याची लागवडीची मर्यादा २०० चौरस मीटरवरून ८०० वर गेली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना वाढायचं आहे. पण ज्या बाय-लॉनी लहान शेड धरून अंतरं ठरवली, ती चौपट पिकाला पुरतील का, हे गावांनी आत्ताच तपासायला हवं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत निवासी भागासाठी एक भाग वासाच्या हवेत सात भाग स्वच्छ हवा मिसळूनही वास जाणवला तर तो नियमभंग धरतात. असं काहीतरी मोजण्याजोगं इथेही लिहा, अशी आमची निवेदनं सध्या तीन टाउन हॉलमध्ये आहेत. त्यातल्या एकानं पुढच्या महिन्यात आम्हाला असा वास मोजायचं उपकरण घेऊन प्रात्यक्षिकाला बोलावलं आहे, आणि पत्नीनं त्यासाठी शेजारच्या बागायतदारांनाही कळवलं आहे.