व्हॅक्यूम उत्तम, पावडर थंड

महापे एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात व्हॅक्यूम ट्रे ड्रायरचा, म्हणजे हवा काढून ट्रेमधली ओली पावडर सुकवणाऱ्या कपाटाचा, माल सुकत नव्हता. ट्रेखालच्या पोकळ शेल्फमध्ये 65 अंशांचं गरम पाणी, गेजवर 2 मिलीबार, ट्रेमध्ये 3 सेंटिमीटरचा थर, द्रावक आयसोप्रोपिल अल्कोहोल. "साहेब, व्हॅक्यूम तर मस्त लागलाय," ऑपरेटर काका म्हणाले, "पण वरनं हात लावा, गार आहे." तळाचा नमुना एलओडीला (सुकवल्यावर वजन किती घटतं, ती चाचणी) पास, वरचा फेल.

सुकण्याचं गणिती मॉडेल सांगत होतं, थर दोनेक तासांत तापेल. त्यात पावडरीची उष्णतावाहकता 0.085 वॅट प्रति मीटर केल्विन टाकली होती. आकडा बरोबर, पण वातावरणाच्या दाबाला मोजलेला. खरी गडबड तिथेच होती.

कोरड्या पावडरीत कण एकमेकांना अगदी टिचभर टेकतात. बहुतेक उष्णता त्या टेकण्याच्या जागेभोवतीच्या अरुंद फटीतल्या वायूतून पलीकडे जाते. वातावरणाच्या दाबाला रेणूंचा मुक्त पथ, म्हणजे दोन टकरींमधलं सरासरी अंतर, साधारण 0.07 मायक्रॉन असतो. 2 मिलीबारला तो 35 ते 40 मायक्रॉन होतो, म्हणजे फटीपेक्षा कितीतरी मोठा. मग रेणू एकमेकांवर न आदळता थेट एका कणावरून दुसऱ्यावर जातात आणि जितके रेणू कमी तितकी उष्णता कमी.

पावडरीची वाहकता काढायचं झेनर-श्लुंडरचं 1970 चं सूत्र, त्यात दाबाची दुरुस्ती, असं पुन्हा मांडलं: कण 80 मायक्रॉन, पोकळी 50 टक्के, घन पदार्थाची वाहकता 0.28. पावडरीच्या वाहकतेची उत्तरं आली ती अशी: वातावरणाला 0.085, 100 मिलीबारला 0.06 च्या आसपास, 2 मिलीबारला 0.01 पेक्षाही कमी. एवढ्या कमी वाहकतेत उष्णतेला 3 सेंटिमीटर पार करायला दोन तासांच्या कितीतरी पट वेळ लागतो. माल ओला असताना हे जाणवत नाही, कारण द्रव फटी भरून ठेवतो. आधी सुकतो तो तळाचा थर, आणि तोच दुलईसारखा वरच्या ओल्या मालाची उष्णता अडवतो.

उपाय सोपा निघाला: तापवण्याच्या टप्प्यात नायट्रोजन सोडून दाब 100 मिलीबारवर धरायचा. त्या दाबाला हे द्रावक 34 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे 65 अंशांच्या शेल्फला भरपूर वाव राहतो. हवा सोडायची नाही, द्रावक ज्वालाग्राही आहे. वरचा थर तापला की पुन्हा 2 मिलीबार. शेवटचं उरलंसुरलं द्रावक काढायला खोल व्हॅक्यूम लागतोच.

तापमान बघायला 6 मिलिमीटरच्या स्टील म्यानातला सेन्सर होता. एवढ्या कुवाहक पावडरीत जाड म्यान स्वतःच दारापासून उष्णता आणतं आणि रीडिंग फुगवतं. त्याजागी 1.5 मिलिमीटरचा घातला, टोक वरच्या थरात.

नायट्रोजनचा झडप मात्र हळूहळू उघडावा. झटक्यात उघडला तर बारीक पावडर उडून व्हॅक्यूम लाइनच्या फिल्टरमध्ये जाते, आणि तो तुंबला की गेज एक दाब दाखवतं, ट्रेवर भलताच असतो.