कार्पसाठी रॉड आणि १८८ सेंटिमीटर : माझा अनुभव

रोहू आणि सायप्रिनस हे कार्प कुळातले मासे गळाने धरण्यासाठी चांगला रॉड घ्यायचा असे ठरल्यापासून तो हातात पडेपर्यंत सात आठवडे गेले. त्यांतल्या जेमतेम चार संध्याकाळी निवडीत गेल्या. उरलेला सगळा काळ एका लांब नळकांड्याची वाट पाहण्यात, त्यातला माल मोडका निघाला हे सिद्ध करण्यात आणि अर्जातल्या एका चौकटीशी झगडण्यात गेला. म्हणून तालुक्याच्या गावी किंवा त्याहून आत राहणाऱ्या ज्या कोणाच्या मनात बारा फुटी रॉड घरपोच मागवायचे असेल, त्याने आधी तो सुटा केल्यावर किती लांब राहतो ते पाहावे आणि मग बाकीच्या गुणांकडे वळावे.

मी इंदापूर तालुक्यात राहतो. उजनीचे पाणी लांब नाही, पण माझी बैठक गावाजवळच्या पाझर तलावावर असते. तिथली मच्छीमार संस्था दरवर्षी रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडते, कारण हे मासे वाहत्या पाण्याखेरीज सहसा वीत नाहीत. सायप्रिनस मात्र साचलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी घालतो आणि आपला आपण वाढत राहतो. संस्थेची परवानगी एका चहात मिळाली. इतकी वर्षे मी हातदोरीनेच मासे धरत आलो होतो, परंतु गेल्या हिवाळ्यात चार-पाच किलोंचे तीन सायप्रिनस लागोपाठ सुटले. एकदा तंगूस तुटला, आणि दोनदा गळ ओठ फाडून रिकामा परत आला. दोरीला कसलीच लवचीकता नसते. माशाने ऐनवेळी मुसंडी मारली की सगळा हिसका एक तर बोटाला बसतो, नाही तर माशाच्या ओठाला. तो हिसका पोटात घेणारी लांब, वाकणारी काठी मला हवी होती.

दुकानांतून मिळणारे सहा-सात फुटी रॉड बहुधा कृत्रिम आमिष फेकून लगेच ओढून घेण्यासाठी केलेले असतात. त्यांच्यावर हलके, मध्यम, जड असे काहीतरी लिहिलेले असते आणि त्यावरून फारसा बोध होत नाही. कार्पच्या रॉडवर याउलट पाउंडांत एक आकडा असतो : अडीच, पावणेतीन, तीन, साडेतीन. हा आकडा माशाच्या वजनाचा आहे, असे मला एका दुकानदाराने ठामपणे सांगितले आणि साडेतीनचा रॉड गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. ते साफ चूक आहे. रॉड आडवा धरून त्याच्या टोकाला वजन टांगत गेल्यास ज्या वजनाला टोक मुठीशी काटकोन करते, ते वजन म्हणजे हा आकडा. त्याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. पावणेतीन पाउंड म्हणजे साधारण सव्वा किलो. जितके पाउंड तितके औंस शिसे सुखाने फेकता येते, असा जुना आडाखा आहे. त्या हिशेबाने पावणेतीनचा रॉड पाऊणशे ग्रॅमच्या आसपासचे ओझे पेलतो, आणि पेंडीचा गोळा व शिसे मिळून माझे ओझे त्याहून अधिक होत नाही. दोरी या आकड्याच्या सुमारे पाचपट ताकदीची घ्यावी, म्हणजे तेरा-चौदा पाउंडांची.

हे माप इंग्लंडमधल्या कार्पवेड्यांकडून आले आहे. रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली रेडमायर तळ्यात ४४ पाउंडांचा, म्हणजे जवळपास वीस किलोंचा कार्प धरला. त्यांनी स्वतः बेतलेला आणि पुढे नावाजलेला मार्क फोर हा रॉड चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून केलेला, दहा फुटी आणि दीड पाउंडाचा होता. हे वाचल्यावर मी त्या दुकानदाराचा साडेतीनचा आग्रह मनावर घेतला नाही. शंभर मीटर पलीकडे जड शिसे फेकायचे असेल, तर तसला ताठ रॉड लागतो. माझा तलाव उन्हाळ्यात तेवढा रुंदही राहत नाही.

निवड झाली : बारा फुटी, पावणेतीन पाउंडांचा, कार्बनचा, दोन तुकड्यांचा. पैसे भरले आणि खऱ्या कहाणीला सुरुवात झाली.

बारा फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर. दोन तुकडे केले आणि सांध्याची जागा धरली, की एकेक तुकडा १८८ सेंटिमीटरांच्या घरात जातो. आमच्याकडे पार्सल घेऊन येणारा मुलगा मोटारसायकलवर पाठीमागे पोते बांधून येतो. चौथ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला की ‘ग्राहक घरी नव्हता’. मी दिवसभर ओसरीवर बसून होतो. पाचव्या आणि सातव्या दिवशीही हाच निरोप आला, आणि तीन फेऱ्या झाल्या असे नोंदवून माल परत रवाना झाला. त्या मुलाला गाठले तेव्हा तो प्रांजळपणे म्हणाला, “काका, एवढी लांब वस्तू गाडीवर बसतच नाही, आणि न नेण्याचं दुसरं कारण यंत्रात लिहायला जागा नाही.” त्याच्यावर मी रागावलो नाही. राग आला तो त्या यंत्रात एकच कारण ठेवणाऱ्यांचा.

दुसऱ्यांदा मागवला तेव्हा मी फोन करून कळवले की मी स्वतः डेपोत येऊन माल घेईन. घ्यायला गेलो, तर नळकांडे दोन पोत्यांच्या मध्ये तिरके अडकवलेले होते आणि मधोमध दबलेले दिसत होते. तिथेच उघडायला हवे होते. मी सही केली आणि एस.टी.ने घरी आणले. वरच्या तुकड्याचे टोक, दोरी ज्यांतून ओवतात त्या कड्यांपैकी शेवटून दुसऱ्या कडीपाशी मोडलेले निघाले.

मग परतीचा अर्ज. आधी उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो मी काढलेला नव्हता. विनवण्या केल्यावर छायाचित्रे चालतील म्हणाले. त्यानंतर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरांत भरायची होती आणि लांबीच्या चौकटीत दोनच आकडे मावत होते. १८८ लिहिले की १८ उरत असे. ९९ लिहून पाहिले, तर मापे जुळत नाहीत म्हणून अर्ज फेटाळला गेला. मदतकेंद्राला मी सहा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा आवाज, तोच खुलासा पुन्हा, आणि शेवटी “अठ्ठेचाळीस तासांत कळवतो, सर”. एका मुलीने तर नळकांडे वाकवून लहान खोक्यात बसेल का, असे विचारले. अखेर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती मी पहिल्याच आठवड्यात नोंदवायला हवी होती, कारण त्यानंतर नऊ दिवसांत पैसे परत आले. मोडका रॉड मात्र कोणी न्यायला आला नाही, कारण तेवढ्या लांबीचे पार्सल उचलण्याची सोय आमच्या भागात नाही, असे विक्रेत्यांनीच कळवले.

तिसऱ्या खेपेला मी दहा फुटी, तीन तुकड्यांचा रॉड घेतला. ताकद तीच, पावणेतीन पाउंड, पण सुटा केल्यावर एकेक तुकडा १०६ सेंटिमीटरांचा. तो तिसऱ्या दिवशी दारात आला. दोन फूट कमी झाल्याचे वाईट वाटले होते, परंतु बांधावर वेड्या बाभळी इतक्या माजल्या आहेत की आखूड रॉडच तिथे नीट फिरतो. सांधे वाढले की वाक बिघडतो, अशी जाणकारांची तक्रार असते. माझ्या हाताला तरी तो फरक जाणवला नाही. खात्रीसाठी ओसरीत रॉड आडवा बांधला, टोकाला पाण्याची बाटली टांगली आणि पाणी वाढवत गेलो. बाटलीसकट सव्वा किलोला टोकाने काटकोन केला. घरच्यांनी हा प्रयोग फार गांभीर्याने घेतला नाही.

कार्बन विजेचा वाहक आहे, हे सुरुवातीलाच लिहायला हवे होते. तलावाच्या काठावरून शेतीपंपांच्या तारा जातात, तिथे रॉड उभा धरून चालू नये. रीळ असे घ्यावे की रॉड टेकवून ठेवला असताना दोरी सैल सुटत राहील, नाही तर सायप्रिनस रॉडसकट पाण्यात जातो. आणि घेण्याआधी प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवावा. तो कुठे अडकला, तर तिथे चीर आहे आणि ती दोरी कापणार.

पहिल्याच रविवारी साडेतीन किलोंचा सायप्रिनस लागला. त्याने तीनदा खोल पाण्याकडे धाव घेतली, तिन्ही वेळा रॉड मुठीपर्यंत वाकला आणि ओठ शाबूत राहिला. मोडक्या रॉडचा खालचा तुकडा आता घरच्यांच्या ताब्यात आहे. टोकाला आकडी बांधल्यापासून शेवग्याच्या वरच्या फांदीवरच्या शेंगाही निघू लागल्या आहेत.