फाइल एक, डॉक्टर सहा

आमच्या ह्यांना हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आहे. चालताना झोकांडी जायची, हात आपोआप उडायचे, त्यामुळे हे पितात असाच सोसायटीत समज होता. पहिल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ‘आनुवंशिक आहे, बरा होत नाही’ म्हणाले आणि बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

आता जातो तिथे न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, डाएटिशियन आणि जेनेटिक काउन्सेलर (आनुवंशिक आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्या) एकाच दिवशी बघतात, मग आपसात बोलतात. खरा फरक पडला तो ह्या बोलण्याने. हात उडणं कमी व्हावं म्हणून टेट्राबेनाझिन चालू होतं. त्याने नैराश्य वाढू शकतं. हे गप्प गप्प बसायला लागलेत हे मानसोपचारवाल्या मॅडमनी हेरलं आणि त्याच दुपारी डोस कमी झाला. पूर्वी असे निरोप मीच ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पोचवायचे, तेही अर्धवट.

स्पीच थेरपिस्ट बोलणं सुधारायला असतात, अशी माझी समजूत. त्यांनी आधी ह्यांना चहा-बिस्कीट दिलं आणि नुसतं बघत बसल्या. ठसका नेमका कधी लागतो ते टिपलं. तेव्हापासून जेवताना टीव्ही बंद, मान किंचित खाली, घास लहान, वरण घट्ट. ह्या आजारात वजन भराभर उतरतं, म्हणून डाएटिशियनने मऊ शिऱ्यावर वरून तूप घालायला सांगितलं. कोलेस्टेरॉलच्या धास्तीने मीच घरातलं तूप बंद केलं होतं! हे खूश.

लेकीचा प्रश्न मात्र तुपाने सुटणारा नाही. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ ४० किंवा जास्त वेळा आली, की पुढेमागे आजार होतोच. तो दोष तिच्यात उतरला असण्याची शक्यता ५० टक्के. रक्त तपासलं की कळतं, पण लक्षणं नसलेल्या मुलांची तपासणी १८ वर्षांआधी सहसा करत नाहीत. ती आता वीस वर्षांची आहे.

काउन्सेलरने मला नम्रपणे बाहेर बसवलं. राग आला. आत तिला विचारलं म्हणे, ‘रिपोर्ट वाईट आला तर दुसऱ्या दिवशी काय करशील? आणि चांगला आला तर बाबांकडे बघून काय वाटेल?’ दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

तिने अजून रक्त दिलेलं नाही. ‘कधी देणार’ हे विचारायचं नाही, अशी ताकीद मला मिळाली आहे. पाळते आहे, कशीबशी.