पायाचा खोपा

दुपारी कढीपत्त्याला बादलीभर पाणी घातलं आणि ते घातलंच नाही असं झालं. क्षणात गडप. खुरप्यानं उकरलं, तर तीन बोटं लाल मातीखाली चक्क वाळू. बांधकाम संपल्यावर उरलेली रास बिल्डरनं इथंच पसरली असणार, आणि तिला 'गार्डन एरिया' म्हणून आम्हाला विकली.

पुण्यात राहून वाळूची तक्रार म्हणजे गंमतच. इथं सगळ्यांचं रडगाणं काळ्या मातीचं: पावसात चपलेला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात भेगांत हात जातो. मी मात्र दौंडकडच्या एकाला 'येताना दोन पोती काळी टाक की गाडीत' म्हणून विनवतोय. तो हसतो.

मूठभर वाळू ओली करून दाबली. लाडू वळला खरा, पण बोट लावताच भसकन फुटला.

लहानपणी फुटायचा नाही, किंवा आम्ही बोट हळू लावायचो. गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं की दारात ट्रकभर वाळू पडायची. वरची तापलेली सारून कोपरभर खणलं की आत गार, ओलसर. त्यात पाय खुपसायचा, वर थापथाप थापायचं आणि श्वास रोखून पाय काढायचा. खोपा! दारात शंख, मागे शिंपल्यांचं कुंपण. मांजरांनीही त्याच राशीत आपली सोय केलेली असायची, ते सोडून देऊ. वॉचमन काठी आपटत आला की खोप्यावरूनच पळायचं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोकोपीट घाला हो." नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून केलेली ५ किलोची वीट भिजवली, फुगून घमेली भरली. पाणी धरतं ते, पण झाडाच्या पोटात काय जाणार? मग शेणखत. ते वाळूत टिकत नाही. आपल्या उन्हात भराभर कुजून जातं, उरलेलं पाण्याबरोबर खाली. दरवर्षी पहिल्यापासून. म्हणून आता मी पानगळीत सकाळी हात हलवत फिरायला जातो आणि पाठीवर पाल्याचं पोतं घेऊन येतो. पर्जन्यवृक्षाची पानं उत्तम, लवकर मुरतात. बदामाची ढिम्म हलत नाहीत. घरात माझं स्वागत 'भंगारवाले आले' असं होतं.

आज पाला मुरवायला खड्डा खणताना खुरप्याला काहीतरी टचकन लागलं. शंख. करंगळीच्या नखाएवढा, टोक तुटलेला.

म्हणजे ही क्रश सँड नव्हे. दगड फोडून केलेल्या वाळूत शंख कुठला? इमारत १९९८ची, तेव्हा नदीचीच यायची. भीमा, नीरा की घोड, आता कोण सांगणार? कुठल्या तरी पात्रात तेवढा खड्डा झाला असेल. आणि त्या नदीचा तळ गेली इतकी वर्षं माझ्या कढीपत्त्याखाली पडून आहे, पाणी धरत नाही म्हणून माझ्या शिव्या खात.