काढलेला प्लग

मे महिना. ठाण्यातल्या एका तळ्यातून गाळाच्या दोन नळ्या काढत होतो. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं. होडी धरून बसलेले काका म्हणाले, "गटारं वळवून वर्षं झाली, तरी तळं निवळत नाही. आता बाहेरनं काय येत नाय, मग हे हिरवं येतं कुठनं?" मी नुसतं "बघू" म्हटलं.

ॲक्रिलिकची पारदर्शक नळी गाळात उभी दाबायची, वरून रबरी बूच मारायचं आणि अलगद ओढायची. वर वीतभर पाणी, खाली लोण्यासारखा मऊ काळा गाळ आणि मधे पापुद्र्याएवढा तांबूस थर. तो थर गंजलेल्या लोहाचा. तळ्यात वर्षानुवर्षं आलेल्या सांडपाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, त्यालाच धरून बसतं.

शुक्रवारी संध्याकाळी रबाळ्याच्या लॅबमध्ये दोन्ही नळ्यांना फिशटँकचे पंप लावले, हवेचे बुडबुडे सोडले आणि घरी गेलो. सोमवारी बघतो तर एक नळी जशीच्या तशी, दुसरीतला तांबूस थर गायब! गाळ वरपर्यंत काळाकुट्ट. बूच सैल करताच कुजक्या अंड्यांचा भपका. पंपाचा प्लग काढलेला आणि त्या जागी मोबाईलचा चार्जर. कोणाचा, ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

मी नळी बेसिनमध्ये ओतायला निघालो होतो. मॅडमनी थांबवलं. "ओतू नकोस. पाणी आत्ताच्या आत्ता फिल्टर कर आणि फॉस्फेटची टेस्ट लाव. हवा लागली की लोह परत गंजेल आणि फॉस्फेट घेऊन खाली बसेल."

दोन्ही पाण्यांत मॉलिब्डेटचं मिश्रण घातलं. फॉस्फेट जितकं जास्त, तितका त्याचा निळा रंग गडद. दहा मिनिटांनी पहिल्यात निळसर झाक, तीही पांढरा कागद मागे धरल्यावर दिसणारी. दुसऱ्यात नीळ कालवल्यासारखा रंग. रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या स्पेक्ट्रोवर ८८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला लावलं तर रीडिंग स्टँडर्डच्या पार पलीकडे. पाणी पातळ करून पुन्हा घ्यावं लागलं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या नळीत होतं. प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि धरलेलं फॉस्फेट पाण्यात सोडून देतं. तळ्यात प्लग काढायला कोणी लागत नाही. मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं, तेच प्राणवायू खाऊन टाकतं. त्यात तळं उथळ, म्हणजे वाऱ्यानंही गाळ ढवळला जातो. चीनमधलं ताईहू सरोवर दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठं, पण सरासरी खोली जेमतेम दोन मीटर. २००७ साली तिथल्या शेवाळामुळे वूशी शहरात वीसेक लाख लोकांचं पिण्याचं पाणी बंद पडलं होतं. तिथेही गाळातलं फॉस्फरस ही मोठी डोकेदुखी आहे.

पुढच्या शुक्रवारी चार नळ्या आणल्या. दोन पंपांच्या प्लगवर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' लिहिलं. उरलेले दोन प्लग मीच काढून ठेवले.