काकांनी तीन लाइट बंद केले

बारा वर्षं मी नाशकात साड्यांचे कॅटलॉग शूट करतोय. नियम अंगात मुरलेला: काठ दिसला पाहिजे, पदर दिसला पाहिजे. सावली पडली की साडी परत आलीच समजा.

मग खूळ घेतलं, की एक फोटो काही न विकणारा काढायचा. पंचवटीतल्या वाड्याचं माजघर, नऊवारी नेसलेली बाई, हातात पत्र. एका मावशींनी त्यांची येवल्याची पैठणी दिली. विलायतेत रेलँडर नावाच्या छायाचित्रकाराने १८५७ साली तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून नाटकाच्या प्रवेशासारखं एकच चित्र उभं केलं होतं. फोटोशॉपवर ते आता दुपारभराचं काम. म्हणून मी उलटा हट्ट धरला: सगळं एकाच क्लिकमध्ये.

कालिदास कलामंदिरात नाटकांची प्रकाशयोजना करणारे एक काका आले. माझे चार सॉफ्टबॉक्स तयार होते.

"पत्र कुणाचंय?"

मी गप्प.

"मग उजेड कुठून येणार, हे कशावरून ठरवलंस?"

तीन लाइट बंद झाले. चौथाही काढून त्या जागी त्यांचा जुना पार, म्हणजे रंगमंचावरचा दिवा आला, पिवळसर अंबर जिलेटिन लावून, ओसरीतून दारातून आत. कोपरे काळे पडले. माझ्या पोटात गोळा.

मॉडेल माझ्या कॅटलॉगचीच. कॅमेरा वर झाला की हनुवटी वर, पदर पसरलेला. (सवय मीच लावलेली.) काका म्हणाले, "१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये अण्णा साळुंके फाळक्यांची तारामती झाले, ते काय नुसत्या साडीनं?" तिला उभं कसं राहायचं ते त्यांनी सांगितलंच नाही. एवढंच म्हणाले, "चष्मा सापडत नाहीये तुला. वाच."

ती डोळे बारीक करून दाराकडे झुकली. पदर खांद्यावरून घसरला, तिला पत्ताच नाही.

शटर एक अष्टमांश सेकंद. चेहरा स्थिर, पण प्रत्येक फ्रेममध्ये कागद हललेला. आयएसओ वाढवून शटर जलद करायला माझा हात गेला. काकांनी नकारार्थी मान हलवली. खरंच, दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्या बाईचा हात स्थिर कसा असेल? पत्र कुणाचं, ते तोवर आमचं ठरलं होतं.

पैठणीच्या खांद्यावरची दोन बोटं जरीची पट्टी तेवढी चमकली. बाकी काळोख.

मावशींनी प्रिंट खिडकीपाशी नेऊन, डोळे बारीक करून पाहिली.

"छान आलाय रे. पण मोर कुठायत?"