शेंदराची छाप

काटा साठच्या पुढे गेला की जीपच्या मागून बारीक गुणगुण सुरू व्हायची. अॅक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत एक सूर, पाय काढला की दुसरा. भांडुपहून ठाण्याला पोहोचेपर्यंत ती डोक्यात भिनायची.

गाडी महिंद्राची जुनी सीजे, १९८४ ची. दोन पावसाळ्यांपूर्वी कर्जतच्या बाजूला एका ओढ्यातून ती काढली, तेव्हा मागचा एक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा भाग आणि त्याच्या मधली गिअरची पेटी, पूर्ण पाण्याखाली होता. चालून तापलेलं हाउसिंग, म्हणजे या गिअरभोवतीचं कवच, गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. हवेला ये-जा करू देणारा ब्रीदर चोंदलेला होता, त्यामुळे पाणी सीलमधून आत ओढलं गेलं. महिन्याभराने तेल काढलं तर दुधाळ चहासारखं. बेअरिंग गेलेच होते. एका गॅरेजने सगळं बदलून दिलं आणि आवाज तिथपासून लागला. झाकण उघडल्यावर कारण डोळ्यांना दिसलं: क्राऊनच्या, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, दातांची चमक मधोमध नसून अगदी वरच्या कडेला होती. क्राऊनला फिरवणारं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन; तो किती आत बसलाय, म्हणजे त्याची खोली, कोणी तपासलीच नव्हती. मग ठरवलं, या वेळी आपण स्वतः करायचं, कितीही रविवार लागले तरी.

रेशो, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण, बदलायचा मोह झाला होता. मोठे टायर घातल्यापासून चढावर गाडी मागे पडते. पण फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा, म्हणजे पुढचा एक्सलही खोलणं आलं. तो विचार सोडला आणि होता तोच ठेवला: क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे ५.३८.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याला गेले, बेअरिंग आणि डायल गेजसाठी (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं उपकरण) नागदेवीला. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. मला मिळालेल्या डब्यात दोन वेगळे नंबर निघाले. घरी आल्यावर लक्षात आलं, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बदलून आणलं. घेताना दुकानातच डबा उघडून नंबर बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

सोसायटीने पार्किंगमध्ये रविवारी काम करायला परवानगी दिली. आमच्या इमारतीत परळच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक फिटर काका आहेत. भावाने आणि मी एक्सल काढून लाकडी ओंडक्यांवर ठेवला, तेव्हा ते खाली आले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कॅपांवर खुणा केल्यास का गं?" केल्या नव्हत्या. क्राऊनची बेअरिंग जागेवर धरणाऱ्या या बेअरिंग कॅप हाउसिंगसोबतच कापलेल्या असतात, डावी-उजवी किंवा उलटसुलट झाली की भोक गोल राहत नाही. त्यांनी पंच आणून एकीवर एक ठिपका मारला, दुसरीवर दोन, आणि समोर हाउसिंगवरही तसेच.

या एक्सलमध्ये सगळं शिमांवर, म्हणजे धातूच्या पातळ चकत्यांवर, चालतं. आतल्या पिनियन बेअरिंगच्या कपाखालची (बाहेरच्या कड्याखालची) शिम पिनियनची खोली ठरवते. बाहेरच्या बेअरिंगपाशी असलेली शिम प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती आवळून बसणार ते. क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या शिमांवर दातांमधला खेळ, म्हणजे बॅकलॅश. मापं इंचाच्या हजाराव्या भागात, वर्कशॉपात त्याला थाऊ म्हणतात.

खोलीची सुरुवात पिनियनच्या तोंडावर कोरलेल्या आकड्यापासून होते. काढलेल्या पिनियनवर +१ होता, नव्यावर −२. फरक ३ थाऊ, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा कमी असल्यामुळे तेवढी शिम वाढवायची. खाली ३२ ची होती, ३५ ची केली.

खरा वेळ पुढे गेला. शिम बदलायची म्हणजे दरवेळी दाबून बसवलेलं बेअरिंग ओढून काढायचं, आणि त्यात नवं बेअरिंग खराब होतं. काकांची युक्ती अशी: जुनी बेअरिंग घ्यायची, त्यांचं आतलं भोक पॉलिश पेपरने इतकं घासायचं की ती हाताने सरकून बसतील, आणि जुळणी होईपर्यंत तीच वापरायची. अख्खा एक रविवार मी फक्त घासत बसले. पण पुढचे तीन रविवार त्यामुळेच वाचले.

दातांची छाप बघायला बाजारात पिवळी पेस्ट मिळते. काका म्हणाले, "रंगाच्या दुकानातून शेंदूर आण, तेलात कालव." शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, म्हणून हातमोजे घालून पातळ लेप केला आणि क्राऊनच्या सहा-सात दातांना दोन्ही बाजूंनी लावला. भावाने क्राऊनच्या कडेला लाकडाची फळी दाबून धरली, कारण भार नसेल तर छाप उमटत नाही. मी पान्याने पिनियन फिरवला, पुढे आणि मागे. शेंदूर जिथे दाबला गेला तिथे तो सरकून खाली लोखंड उघडं पडलं, शेंगदाण्याएवढा लांबट डाग.

पहिला डाग दातांच्या वरच्या कडेशी होता, म्हणजे पिनियन अजून बाहेर. ५ थाऊ घातले, ४० झाले. पिनियन आत गेला की बॅकलॅश कमी होतो, म्हणून क्राऊन थोडा लांब सरकवला. त्याची रीत सोपी: एका बाजूची शिम काढून तीच दुसऱ्या बाजूला, बेरीज बदलू द्यायची नाही. १० थाऊ सरकवले की बॅकलॅश साधारण ७ ने बदलतो. खोलीची शिम जितकी वाढवली तितकीच प्रीलोडलाही वाढवावी लागते, नाहीतर बेअरिंग आवळली जातात. हे विसरून एकदा पिनियन हाताने हलेना, तेव्हा उमगलं.

दुसरा डाग बुडाशी गेला. २ थाऊ काढले, ३८. आणि तिसऱ्यांदा फळी बाजूला केली तेव्हा डाग दातांच्या उंचीच्या मध्यावर होता, दोन्ही बाजूंनी. काका खाली वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "आता डायल लाव." चार ठिकाणी बॅकलॅश मोजला: ७, ७, ८, ७. मी त्या छापेचा फोटो काढला. तो अजून फोनमध्ये आहे.

मग नवी बेअरिंग. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ११० अंशांवर तापवली (१२० च्या वर नेली तर पोलाद मऊ पडू लागतं), पिनियन रात्रभर फ्रीजरमध्ये पिशवीत बांधून ठेवला होता. हातमोज्याने धरलेलं बेअरिंग एका दमात खाली बसलं. आईने तेवढ्यापुरतं स्वयंपाकघर आमच्या हवाली केलं होतं.

प्रीलोड मोजायला खास रेंच नव्हता. पिनियनच्या बाहेरच्या टोकावरच्या चकतीला, म्हणजे फ्लँजला, सुतळी गुंडाळली आणि प्रवासी बॅग तोलायच्या काट्याने ओढली. सुरू होतानाचा झटका धरायचा नाही, एकसारखं फिरत असतानाचं वजन वाचायचं. फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर. ४.५ किलो आलं तर जवळपास २.२ न्यूटन मीटर, नव्या बेअरिंगला बरोबर. मला आलं ९ किलो. नवं बेअरिंग जुन्यापेक्षा किंचित उंच निघालं होतं. बाहेरच्या बाजूला २ थाऊची शिम वाढवली, नट पुन्हा २७० न्यूटन मीटरला आवळला, फ्लँज धरायला भाऊ पाइप लावून पार्किंगच्या खांबाला टेकून उभा. आता काटा साडेचारच्या आसपास थांबला. बेअरिंग बदलल्यावर शेंदूर पुन्हा लावून पाहिला. छाप जागची हलली नव्हती.

तेल जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चॅसीवर उंच नेली.

पहिल्या दिवशी भांडुप ते ठाणे आणि परत, हळू. घरी येऊन हाउसिंगला हात लावला: कोमट. पूर्ण गार होऊ दिलं आणि संध्याकाळी पुन्हा तीच फेरी. दुसऱ्या दिवशी पूर्व द्रुतगती मार्गावर साठ गाठले, पाय काढला, पुन्हा दाबला. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. भाऊ मागच्या सीटवर कान लावून बसला होता, त्याने मान हलवली.

८०० किलोमीटर झाल्यावर तेल बदललं. ड्रेन प्लगजवळ चुंबक फिरवलं तर त्यावर राखेसारखी मऊ भुकटी, तुकडा एकही नाही. काकांनी तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात घासला, दोनदा. "कच नाही," म्हणाले, आणि हात पुसायला माझ्याकडे फडकं मागितलं.